कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

हातातील कसबावर ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, अशा कुटुंबांच्या हाती हा अंक जावयाचा आहे. म्हणून या वर्षीच्या चरित्रलेखासाठी आम्ही कोल्हापूरच्या एका मेस्त्रींची निवड केली आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे नाव. परंतु महाराष्ट्र त्यांस बाबूराव पेंटर याच नावाने ओळखतो.

त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. शाळेतील शिक्षण बेताचेच झाले. रंग, लाकूड, धातू आणि माती यांची ओळख मात्र घरातच झाली. चित्रकला व मूर्तिकला त्यांनी कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता आत्मसात केली. चुलतबंधू आनंदराव हे वयाने वडील व तितकेच कुशल. संगीत नाटकांच्या त्या भरभराटीच्या दिवसांत या दोघा बंधूंनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शाच्या रंगभूमीवर त्यांच्या कुंचल्याचा मोठा बोलबाला झाला आणि ‘पेंटर’ हा शब्द आडनावाच्या जागी कायमचा बसला.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाला. तो पाहून या बंधूंच्या मनाने घेतले की, आपणही चित्रपट काढावयाचा. पण कॅमेरा कोठून आणावयाचा? फाळक्यांनी आपला कॅमेरा विलायतेहून आणविला होता. तेवढे द्रव्य येथे नव्हते. तेव्हा दोघांनी ठरविले की, कॅमेरा घरीच करावयाचा. प्रथम एक जुने प्रक्षेपणयंत्र मिळवून त्यांनी त्याचा अभ्यास केला.

हे काम किती कठीण, हे कारागिराच्या घरातील वाचकास चटकन उमजेल. कॅमेऱ्यातील फीत सलग सरकून चालत नाही. काठावरच्या छिद्रांत आकड्याचे दात अडकवून तिला एक चौकट पुढे ओढावी लागते, क्षणभर निश्चल धरावी लागते आणि ती सरकत असताना भिंगासमोर झडप आड यावी लागते. मूकपटाच्या काळी हे सेकंदाला सुमारे सोळा वेळा, तेही हाताने मूठ फिरवून, घडावे लागे. दात केसभर चुकला की चित्र थरथरते. झडपेला पळभर उशीर झाला की सारे पुसट होते. नकाशा नाही, शिकविणारा गुरू नाही, आणि चुकीचा पुरावा हाती येई तो फीत धुतल्यानंतर.

अशा उद्योगात असतानाच १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. स्वप्न दोघांचे होते. ते पुरे करण्याचा भार एकावर पडला. बाबूराव मुळातच अबोल. ते आणखी अबोल झाले, पण काम थांबले नाही. विष्णुपंत दामले यांच्यासारखा यंत्रांत रमणारा सहकारी साहाय्यास होता. १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. या यशाच्या वाटणीत आनंदरावांचे नाव पुष्कळदा मागे राहते, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला आणि गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले. पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला. स्त्रियांनी पडद्यावर येणे हलके मानले जाण्याचा तो काळ. तरी या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला की, पुढे तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

पडदे रंगविण्यात ज्याचा हातखंडा, त्यानेच चित्रपटातून रंगविलेले पडदे हद्दपार करावेत, ही मौजेची गोष्ट आहे. बाबूरावांनी खऱ्या भिंती, खरे खांब, वावरता येईल अशी घरे उभी केली. प्रसंग चित्रित करण्याआधी ते तो कागदावर रेखाटीत. त्या काळच्या फितीवर तांबडा रंग काळा उमटे व निळा पांढरा. तेव्हा रंगांत विचार करणाऱ्या चित्रकारास छायाप्रकाशाचा हिशेब नव्याने मांडावा लागला. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. या चित्रपटास मुंबईत एवढी गर्दी लोटली की, सरकारला करमणूक कर बसविण्याची कल्पना तीवरूनच सुचली, असे सांगतात. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतःच रंगवीत.

आमच्या मते त्यांची सर्वांत थोर कृती ‘सावकारी पाश’ (१९२५). कथा नारायण हरि आपटे यांची. देवदेवता आणि ऐतिहासिक वीर यांनी पडदा व्यापलेला असताना बाबूरावांनी कर्जापायी जमीन गमावून शहराकडे लोटल्या गेलेल्या शेतकऱ्याला त्यावर आणले. तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम वणकुद्रे या कोल्हापूरच्याच मुलाने केले. तोच पुढे व्ही. शांताराम म्हणून विख्यात झाला. झोपडी आणि भुंकणारे कुत्रे एवढ्यावर उभे केलेले त्यातील एक दृश्य जाणकारांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले.

बाबूरावांस व्यवहार साधला नाही, हे लपविण्याचे कारण नाही. मनासारखे उतरेपर्यंत काम हातावेगळे न करण्याचा स्वभाव कलावंतास भूषणावह असला, तरी कंपनीच्या वहीखात्यास तो परवडत नाही. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले चौघे बाहेर पडले आणि त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. प्रभातचा लौकिक सर्वांस ठाऊक आहे. ते हात कोठे घडले, हे सर्वांस ठाऊक असतेच असे नाही. दोन वर्षांत बोलपट आला आणि मूकपटांचे राज्य संपले. बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) असे बोलपट केले, १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलता केला. पण त्यांचे मन अधिकाधिक चित्रे व शिल्पे यांतच रमू लागले. ‘विश्वामित्र’ (१९५२) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांनी देह ठेवला.

त्या काळची फीत नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि काळाने विरून जाणारी. जुने चित्रपट जतन करणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये, बाबूरावांच्या निधनानंतर दहा वर्षांनी. ‘मुरलीवाला’ (१९२७) सारख्या एखाद्या चित्रपटाचा काही भाग तेवढा हाती लागला. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज कोठेही उपलब्ध नाही.