आंबेडकरांना ज्या बॉलरचा अभिमान होता, तोच बॉलर त्यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला

येवला म्हटलं की आपल्याला आधी पैठणी आठवते. पण १३ ऑक्टोबर १९३५ ला याच येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक घोषणा केली आणि देशभर खळबळ उडाली. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून जवळपास पाच वर्षं सत्याग्रह चालला होता, पण हाती काहीच लागलं नव्हतं. आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असं बाबासाहेबांनी येवल्याच्या परिषदेत जाहीर केलं. तिथली मुक्तिभूमी आजही त्या दिवसाची आठवण सांगते.

ही भूमिका न पटलेल्यांत सनातनी मंडळी होती, तसेच मुंबईत राहणारे साठीच्या घरातले एक गृहस्थही होते. ते स्वतः चर्मकार समाजातले. अस्पृश्यता काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नाव बाळू पालवणकर. भारताचे पहिले मोठे बॉलर.

बाळूंचा जन्म १८७६ च्या आसपास धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे घर पुण्यात आलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. घरात पैसा नव्हता, म्हणून लहान वयातच बाळू पारशी लोकांच्या एका क्लबमध्ये कामाला लागले. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास त्यांना गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात काम मिळालं. पगार एक रुपयाने वाढला. इथेही काम तेच, म्हणजे नेट लावणं, खेळपट्टी तयार करणं आणि टेनिस कोर्टावर रेषा मारणं. एके दिवशी ट्रॉस नावाच्या इंग्रजाने त्यांना नेटमध्ये बॉलिंग करायला सांगितलं. मग काय, हा पोरगा तासनतास साहेबांना बॉलिंग टाकायला लागला.

बाळू डावखुरे स्पिनर होते. बॉल दोन्हीकडे वळवायचे, फ्लाइट आणि वेग बदलत राहायचे आणि न थकता टाकत राहायचे. जिमखान्यातला सगळ्यात भारी बॅट्समन होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. तो सगळ्यांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूंच्या बॉलिंगवर सराव करायचा. आपल्याला आऊट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचे, असं त्याने ठरवलं होतं म्हणतात. ही गोष्ट खरी असेल तर महिन्यात आठ वेळा ग्रेगची विकेट काढली की पगार दुप्पट! बॅटिंग मात्र त्या नेटमध्ये बाळूंना कुणी दिली नाही. साहेबांनी धावा काढायच्या आणि नोकराने घाम गाळायचा, असा सगळा मामला.

पण त्या घामातूनच एक बॉलर तयार झाला आणि त्याची खबर पुण्याच्या हिंदू क्लबपर्यंत गेली. त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. पंचाईत अशी की हा बॉलर टीममध्ये घ्यायचा म्हणजे सगळ्यांनी एकच बॉल हातात घ्यायचा. काही ब्राह्मण खेळाडूंनी विरोध केला, तेलुगू खेळाडू बाळूंच्या बाजूने उभे राहिले. शेवटी त्यांना घेतलं, कारण जिंकायचं होतं.

मैदानात बाळूंनी टाकलेला बॉल सगळ्यांना चालायचा. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा प्यायचे, आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायला ते वेगळे बसायचे. हात-तोंड धुवायला पाणी द्यायचं तरी ते दुसऱ्या अस्पृश्य नोकरानेच. मग पुण्याची टीम साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध खेळायला गेली. बाळूंची बॉलिंग बोथट व्हावी म्हणून साताऱ्याच्या खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला होता म्हणे. ज्याचं अख्खं बालपण रोलर ओढण्यात गेलं त्याला रोलरने रोखायला निघाले! बाळूंनी सात विकेट काढल्या. त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी टीमला सुनावलं की सोबत खेळता, तर सोबत जेवायला काय हरकत आहे.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईत आले. हिंदू जिमखान्यात पुन्हा तीच कुरबूर, या वेळी काही गुजराती सदस्यांची. कर्णधार कीर्तिकरांनी त्यांची समजूत घातली. १९०६ मध्ये हिंदू टीमने युरोपियन टीमला १०९ धावांनी हरवलं, तेव्हा बाळू आणि शिवराम दोघेही टीममध्ये होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली टीम इंग्लंडला गेली. टीम सपाटून मार खाऊन आली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या.

मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र विशीतल्या भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं, असं सांगितलं जातं.

हिंदू टीमचं कर्णधारपद बाळूंना कधीच मिळालं नाही. कर्णधार एम. डी. पै यांनी तर हा मान बाळूंचा होता असं उघड बोलून दाखवलं होतं. अखेर १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला.

इथून दोन रस्ते फुटतात. मैदानावरचा हा अनुभव घेऊन बाळू या मताला आले की हिंदू समाज हळू का होईना बदलतो. ३० वर्षांपूर्वी जिथे चहा बाहेर मिळायचा, तिथे आता भाऊ कर्णधार होता. म्हणून १९३२ मध्ये बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत असताना बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने गेले आणि येवल्याची घोषणाही त्यांना मान्य झाली नाही. बाबासाहेबांचा हिशेब वेगळा होता. भावाला कर्णधारपद मिळून सात वर्षं झाली होती, तरी १९३० मध्ये काळारामाचं दार बंदच होतं.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांसमोर बाळूंना उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळूंचं निधन झालं. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा सव्वा वर्ष बाकी होतं.