रोमाच्या दरीतील पेरणारा



चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला लेसोथो हा चिमुकला डोंगराळ देश आपण नकाशात पाहिला असेल. मासेरू या त्याच्या राजधानीपासून फार दूर नाही अशा एका दरीत रोमा नावाचे गाव आहे आणि त्या गावात देशाचे राष्ट्रीय विद्यापीठ आहे. १९४५ साली ते कॅथलिक महाविद्यालय म्हणून जन्मास आले. परंतु ज्या भूमीत ते रुजले, ती भूमी त्याआधी ऐंशीहून अधिक वर्षे एका धर्मगुरूने नांगरली होती. त्याने स्वतः कोणतेही विद्यापीठ काढले नाही. त्याचे नाव फादर जोसेफ जेरार.

जेरार यांचा जन्म १२ मार्च १८३१ रोजी फ्रान्समधील नॅन्सी शहराजवळच्या एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी त्यांनी गुरे राखली. पुढे निष्कलंक मरियेच्या ऑब्लेट संघात त्यांनी प्रवेश केला. संघाचे संस्थापक, मार्सेयचे बिशप यूजीन द माझनो यांनी १८५३ साली त्यांना उपधर्मगुरुपदाची दीक्षा दिली आणि त्याच वर्षी आफ्रिकेस पाठविले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा कधीच घडले नाही. १८५४च्या आरंभी ते नाताळ प्रांतात पोहोचले आणि तेथेच त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

वाचकहो, मिशनरी चरित्रे आपण वाचतो तेव्हा यशाची अपेक्षा मनात धरूनच वाचतो. येथे मात्र आरंभी अपयशच आहे. जेरार झुलू भाषा शिकले, झोपडीझोपडीतून हिंडले. लोक पाहुणचार करीत, परंतु सुवार्ता स्वीकारीत नसत. काही वर्षांच्या श्रमांनंतरही पदरात जवळजवळ काहीच पडले नाही. दूर मार्सेयहून बिशप माझनो पत्रे लिहून त्यांना धीर देत राहिले. देवाची वेळ यावयाची आहे, एवढाच त्या पत्रांचा आशय होता.

ती वेळ डोंगरापलीकडे आली. फेब्रुवारी १८६२ मध्ये बिशप आलार यांच्यासह जेरार बासोथो लोकांचे राजे मोश्वेश्वे यांना भेटले. युद्धांत आणि दुष्काळात विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणून राष्ट्र घडविणारा हा दूरदर्शी राजा होता. पॅरिसचे प्रॉटेस्टंट मिशनरी १८३३पासून त्याच्या राज्यात काम करीत होतेच. राजाने कॅथलिकांनाही एक दरी दिली. जेरार आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या जागेला येशूच्या मातेचे गाव असे नाव ठेवले. बासोथो लोक मात्र कॅथलिकांना रोमचे लोक म्हणत, आणि लोकांच्या तोंडचेच नाव अखेर टिकले : रोमा.

१८६५ साली पवित्र कुटुंब संघाच्या धर्मभगिनी आल्या आणि मुलींच्या शिक्षणास प्रारंभ झाला. त्याच वर्षी ऑरेंज फ्री स्टेटच्या बोअर सैन्याने राज्यावर स्वारी केली व थाबा बोसिऊ या डोंगरी किल्ल्याला वेढा घातला. त्या संकटात जेरार पळाले नाहीत. राजाच्या भेटीस ते गडावर गेले. संकटात सोबत राहणारा परका लोकांना परका वाटेनासा होतो. पहिले बाप्तिस्मे त्याच वर्षी झाले. राजा मात्र १८७० साली बाप्तिस्मा न घेताच निवर्तला. तरीही त्याच्या प्रजेविषयीची जेरार यांची माया तिळभरही उणावली नाही.

जेरार सेसोथो भाषेत शिकवीत. त्या भाषेत त्यांनी धर्मशिक्षणाचे पुस्तक आणि प्रार्थना सिद्ध केल्या. माणसाची भाषा शिकणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा मान राखणे होय. १८७६ साली ते उत्तरेकडे गेले, तेथे संत मोनिकाचे मिशन उभारले आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथे राबून रोमास परतले. वार्धक्यात दृष्टी मंदावली, शरीर वाकले, तरी घोड्यावर बसून ते आजाऱ्यांच्या भेटीस जात. २९ मे १९१४ रोजी रोमा येथेच त्यांनी देह ठेवला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली मासेरू येथे येऊन त्यांना धन्यवादित घोषित केले.

आता त्या पेरणीचे पीक पाहा. दक्षिण आफ्रिकेतील कॅथलिक बिशपांनी १९३८ साली आफ्रिकी तरुणांसाठी उच्च शिक्षणाची सोय करण्याचे ठरविले. ८ एप्रिल १९४५ रोजी रोमा मिशनच्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थी पाच आणि शिकविणारे धर्मगुरूही पाचच! पुढे त्याला पोप बारावे पायस यांचे नाव मिळाले आणि १९५० साली जेरार यांच्याच ऑब्लेट संघाने त्याची जबाबदारी घेतली. तो काळ बिकट होता. शेजारी दक्षिण आफ्रिकेत १९५३च्या कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी मुद्दाम कनिष्ठ शिक्षण ठरविले गेले. १९५९च्या कायद्याने गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे त्यांना बंद झाले. अशा वेळी सीमेपलीकडच्या त्या दरीत आफ्रिकी तरुण माणूस म्हणून शिकू शकत होता. हेच त्या महाविद्यालयाचे मिशनकार्य होते.

१ जानेवारी १९६४ रोजी ऑब्लेटांच्या संमतीने या महाविद्यालयाचे रूपांतर बासुटोलँड, बेचुआनालँड आणि स्वाझीलँड या तीन प्रदेशांच्या सामाईक विद्यापीठात झाले. १९७५ साली त्यातून लेसोथोचे राष्ट्रीय विद्यापीठ निर्माण झाले. येथे शिकलेले टिटो म्बोवेनी १९९९ साली दक्षिण आफ्रिकेच्या रिझर्व्ह बँकेचे पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर झाले. साहित्यिक एन्जाबुलो एन्डेबेले २००० साली केपटाउन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

कोणी विचारील, मंडळीने आपली संस्था गमावली की काय? वाचकहो, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. देशभर आपल्या शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आहेत. त्यांच्या फलकावर कोणाचे नाव राहील, याची चिंता आपल्याला सतावते. ती चिंता सर्वस्वी चुकीची नाही. श्रमाने उभारलेले कोणीही सहज सोडू नये. परंतु जेरार यांचे जीवन आपल्यापुढे दुसरा प्रश्न ठेवते : पेरणाऱ्याने बी कोणासाठी पेरले होते? ज्यांना दारे बंद होती त्यांच्यासाठी दार उघडले, तर संस्थेचा हेतू जिवंत आहे. तेच दार आपण आतून लावून घेतले, तर फलक शाबूत राहूनही हेतू मेलेला असतो.

जेरार यांनी पीक पाहिले नाही. घोड्यावर खोगीर चढवून ते पुढच्या झोपडीकडे निघत राहिले. आपल्या वाट्याला आलेल्या शेतातही प्रभू आपल्याकडून तेवढ्याच निष्ठेची अपेक्षा करतो.