महात्मा फुल्यांचे डॉक्टर : विश्राम रामजी घोले

महात्मा फुले आपण दरवर्षी शिकवतो. भिडे वाड्यातली मुलींची शाळा, पाण्याचा हौद, सत्यशोधक समाज हे सगळं मुलांना पाठ असतं. पण फुल्यांच्या शेवटच्या अडीच वर्षांत त्यांच्या उशाशी येऊन बसणारा एक माणूस होता, त्याचं नाव धड्यात सहसा येत नाही. ते नाव म्हणजे डॉ. विश्राम रामजी घोले.

घोले १८३३ चे. म्हणजे जोतिरावांपेक्षा सहा वर्षांनी लहान. गवळी समाजात जन्म, पुढे डॉक्टरी शिकून लष्करात वैद्यकीय नोकरी. पुण्यात त्यांचा मोठा लौकिक होता. व्हाइसरॉयचे मानद सर्जन, रावबहादूर असे मान त्यांना मिळाले. आता गंमत बघा. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली, तेव्हा जोतिराव मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खऱ्या हिंदुस्थानची गरिबी राणीच्या मुलाला तोंडावर सांगून आले. एक सरकारी मानाचा डॉक्टर, दुसरा सरकारला सुनावणारा पेशंट! तरी दोघं सत्यशोधक समाजात खांद्याला खांदा लावून होते. समाजाचं अध्यक्षपदही घोल्यांनी सांभाळलं.

शिक्षणाची किंमत तर घोल्यांनी घरातच मोजली. त्यांनी आपल्या लहानग्या काशीला शिकवायला घेतलं म्हणून नातलग चिडले, आणि तिला काचा घातलेला लाडू खाऊ घातला, असं पुण्यात सांगतात. मुलगी गेली. तिच्या आठवणीसाठी बापानं पाण्याचा हौद बांधला. बुधवार पेठेतला हा बाहुलीचा हौद, फडके हौदाजवळ. असं झाल्यावर एखादा माणूस गप्प बसला असता. घोले बसले नाहीत, दुसऱ्या मुलीलाही त्यांनी शिकवलं.

मे १८८८ मध्ये मुंबईत जोतिरावांना महात्मा ही पदवी दिली गेली. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय ६१. उजवी बाजू लुळी पडली, लिहिता हात गेला. डोक्यात मोठ्या पुस्तकाचा विचार, आणि बोटं लेखणी धरेनात.

त्या काळी डॉक्टरच्या हातात काय होतं? सांगायला सोपं आहे : फार काही नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नव्हतं, मेंदूचा फोटो नव्हता, दंडाला बांधून रक्तदाब मोजायचा पट्टासुद्धा १८९६ साली आला. म्हणजे उरलं काय, तर पुन्हा पुन्हा येऊन पाहणं, धीर देणं आणि घरच्यांच्या शुश्रूषेवर भिस्त ठेवणं. घोल्यांनी आपल्या मित्रावर मनापासून उपचार केले. घरी सावित्रीबाई होत्याच. त्यात पैशाची ओढ. आयुष्यभराची कमाई लोकांच्या कामात घातलेली, त्यामुळे आजारपणात घर चालवणंही कठीण झालं होतं.

हळूहळू जोतिराव सावरले, पण उजवा हात काही पूर्वीसारखा झाला नाही. मग या जिद्दी माणसानं डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली! पहिलीतलं मूल अक्षर गिरवताना कसं घामाघूम होतं ते आपण शिक्षक रोज बघतो. इथे साठी ओलांडलेला माणूस तेच करत होता, तेही अख्ख्या ग्रंथासाठी. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८८९ मध्ये लिहून झालं. फी म्हणाल तर डॉक्टरला याहून मोठी फी कुठली मिळणार? जिद्द पेशंटची, कबूल. पण ती चालायला माणूस आधी जगावा तर लागतो.

तब्येत पुढे पुन्हा ढासळली. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. पुस्तक त्यांच्या मागे, १८९१ मध्ये, दत्तक मुलगा यशवंतनं प्रसिद्ध केलं.

हा यशवंत आजारपणाच्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचा होता. आजाऱ्याशी कसं वागायचं, हे त्यानं घरातच पाहिलं असणार. पुढे तोही डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्यानं हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना काढला. लोक प्लेगच्या माणसाला शिवायला घाबरत असताना सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका मुलाला पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

डॉ. घोले १९०० मध्ये वारले. शिवाजीनगरच्या घोले रोडला त्यांचंच नाव आहे. आपल्या मुलांना कधी महात्मा फुले वस्तुसंग्रहालय दाखवायला नेलंत, तर आत शिरण्याआधी बाहेरच्या पाटीवरचा पत्ता त्यांना मोठ्यानं वाचायला लावा. फुल्यांच्या नावाचं हे संग्रहालय घोले रोडवरच आहे.