स्मृतिदिन विशेष : मादाम क्युरी आणि किरणांनी वसूल केलेली किंमत

दोन नोबेल, दोन नवी मूलद्रव्ये आणि जगभर नाव. शाळेच्या पुस्तकातल्या मादाम क्युरी एवढ्यावरच संपतात. ४ जुलै १९३४ रोजी फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतातील एका आरोग्यधामात त्यांचे निधन झाले, ते कशाने, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असते.

मेरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, वॉर्सा शहरातला. पोलंडवर तेव्हा रशियाची सत्ता होती. शाळेत पोलिश भाषा चोरून शिकावी लागायची आणि मुलींना विद्यापीठाचे दार बंद. आधी मेरीने दुसऱ्यांच्या घरी राहून मुलांना शिकवायचे आणि बहिणीच्या वैद्यकीय शिक्षणाला पैसे पाठवायचे, मग बहिणीने मेरीला हात द्यायचा, असे दोघींचे ठरले होते. १८९१ साली मेरी पॅरिसला पोचल्या. १८९५ मध्ये पिएर क्युरी यांच्याशी लग्न झाले.

१८९८ च्या जुलैत दोघांनी नवे मूलद्रव्य जाहीर केले. नकाशावरून पुसल्या गेलेल्या मायदेशाचे नाव मेरी यांनी त्याला दिले : पोलोनियम. डिसेंबरात रेडियमची घोषणा झाली. पुढची चार वर्षे गळक्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळत, लोखंडी दांड्याने ढवळत गेली. हाती आले जेमतेम एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. रात्री दोघे शेडमध्ये जाऊन अंधारात चमकणाऱ्या नळ्या कौतुकाने पाहत.

त्या उजेडात धोका आहे, याची खूण लवकरच मिळाली होती. पिएर यांनी मुद्दाम दंडावर रेडियम ठेवून पाहिले, तर तिथे जखम झाली. मेरी यांची बोटे भाजून कडक झाली. पण हेच किरण कॅन्सरच्या गाठी जाळतात, या आशेपुढे बाकी सारे मागे पडले. १९०६ साली पिएर घोडागाडीखाली सापडून गेले. दोन लहान मुली पदरात असताना मेरी यांनी त्यांची शिकवण्याची जागा सांभाळली.

युद्धातल्या एक्स-रे गाड्या

१९१४ साली महायुद्ध पेटले. जखमी सैनिकाच्या अंगात गोळी नेमकी कुठे अडकलीय, हे सर्जनला दिसावे म्हणून मेरी यांनी गाड्यांवर एक्स-रे यंत्रे बसवली. स्वतः गाडी चालवायला शिकल्या, दीडशेच्या आसपास बायकांना हे काम शिकवले आणि मुलगी आयरीनलाही सोबत नेले. या सेवेतून दहा लाखांवर सैनिकांची तपासणी झाली. यंत्रापाशी उभे राहणाऱ्यांच्या अंगावर मात्र फारसे संरक्षण नव्हते.

१९२५ मध्ये किरणोत्सर्गी पदार्थांच्या कामातले दोन इंजिनिअर काही दिवसांच्या अंतराने दगावले. मेरी यांच्या संस्थेत कामगारांचे रक्त तपासले जायचे. नियम होते, पण त्या स्वतः ते फारसे पाळत नसत. मोकळ्या हवेत फिरले की बरे वाटेल, यावर त्यांचा भरवसा. डोळ्यांत मोतीबिंदू आला, तोही त्यांनी लोकांपासून लपवला. अखेरीस हाडांतल्या मज्जेने रक्त तयार करणेच सोडले. निदान झाले अप्लास्टिक अॅनिमियाचे. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये हलवताना शवपेटी तपासली गेली. रेडियमचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी निघाले. त्यामुळे रेडियमपेक्षा युद्धातल्या एक्स-रेचाच दोष मोठा असावा, असे तज्ज्ञांनी म्हटले.

हृदयाचा हिशेब उशिरा कळला

मेरी हृदयविकाराने गेल्या नाहीत. त्यांच्या काळात किरणांचा हृदयाशी संबंध जोडायचे फारसे कुणाच्या ध्यानी नव्हते. जास्त मात्रेने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, सूज राहते आणि धमन्या अरुंद होत जातात. याला कित्येक वर्षे लागतात, म्हणून कारण आणि परिणाम यांची सांगड पटकन बसत नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या ८६,६११ जणांची १९५० ते २००३ पर्यंतची नोंद २०१० साली प्रसिद्ध झाली. साधारण ०.५ ग्रेच्या वर पक्षाघात आणि हृदयविकार वाढल्याचे तीत दिसले. त्याखाली चित्र धूसर आहे. तीन देशांतल्या तीन लाखांवर अणुकामगारांच्या पाहणीत कमी मात्रेलाही थोडी वाढ आढळली, पण सिगारेटसारखी कारणे पूर्ण वेगळी काढता आली नाहीत.

छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्टच्या आत असते, म्हणजे ०.५ ग्रेच्या हजारो पट कमी. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळणे शहाणपणाचे नाही. काळजी घ्यायची ती रोज यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्यांची. अँजिओग्राफीच्या खोलीतला तंत्रज्ञ, नर्स, डॉक्टर यांच्या अंगावर शिशाचा अॅप्रन आणि छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला हवाच. उकाड्यात अॅप्रन जड होतो, बिल्ला खणात पडून राहतो. ही सवय मोडायला हवी. मेरी यांच्याकडे नियम होते आणि धोक्याच्या खुणाही समोर होत्या, तरी त्यांनी स्वतःला त्यातून सूट दिली. आयरीनही १९५६ साली रक्ताच्या कॅन्सरने गेली.