डॉ. व्हिक्टर गोल्डश्मिट

भू-रसायनशास्त्राचे जनक डॉ. व्हिक्टर गोल्डश्मिट हे यहुदी होते, हे आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नव्हते. जन्म झुरिचचा, १८८८ सालचा. वडिलांच्या नोकरीमुळे १९०१ पासून नॉर्वेत.

पृथ्वीच्या कवचात कोणते मूलद्रव्य किती, हे काढायचे तर हजारो खडक तपासावे लागतात. डॉक्टरांनी नॉर्वेतील हिमनद्यांनी साचवलेली चिकणमाती घेतली. हिमनदीने तऱ्हेतऱ्हेचे खडक जात्यात दळावेत तसे दळून एकत्र केलेले. आता ते पीठच तपासले की झाले! ही युक्ती आम्हांला फार आवडते. कोळशाच्या राखेत जर्मेनियम साठते, हेही त्यांनी दाखविले.

नाझी अंमल आल्यावर गटिंगेनची प्राध्यापकी सोडून १९३५ साली ते ऑस्लोला परतले. पण नाझी तेथेही पोहोचले. २६ नोव्हेंबर १९४२ रोजी 'डोनाऊ' बोटीतून ५०० हून अधिक यहुद्यांना, बायकामुलांसकट, नेण्यात आले. धक्क्यावर डॉक्टरही होते. त्यांची विद्या उपयोगी पडेल म्हणून ऐनवेळी त्यांना बाजूला काढले. बाकीच्यांपैकी ऑशविट्झहून फारच थोडे परतले.

डिसेंबरात डॉक्टर स्वीडनला निसटले, पुढे ब्रिटनमध्ये शेतजमिनींवर काम केले. २० मार्च १९४७ रोजी ऑस्लोत वारले. त्यांची रक्षा ऑलिव्हिनच्या हिरव्या दगडी कलशात ठेवली. त्या दगडावर त्यांनी वर्षानुवर्षे संशोधन केले होते.