न बुडणारी नदी

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे काढल्यामुळे नदी दिसली की ती किती क्युसेकने वाहते आहे याचा अंदाज बांधण्याची खोड मला लागली आहे. निवृत्तीनंतर ती जाईल असे घरच्यांना वाटले होते. ती तर गेली नाहीच, उलट आता ती सातासमुद्रापार पोहोचली आहे, आणि त्याला कारण माझा न्यू जर्सीतला भाचा.

त्याला मासेमारीचा नाद आहे. आपल्याकडची गळाला गांडूळ लावून झाडाखाली बसण्याची मासेमारी नव्हे. पिसांची खोटी माशी करून ती ट्राउट नावाच्या माशापुढे फेकण्याची. सापडलेला मासा हा पठ्ठ्या परत पाण्यात सोडून देतो! माझ्या बहिणीला हे अजून पटलेले नाही. मला मे महिन्यात त्याच्याकडे जायचे आहे हे कळल्यावर त्याने फोनवर एका दमात सांगितले की मामा, तुम्ही धरणवाले, आमच्या इथल्या सगळ्या नद्या धरणाच्या पाण्यावर चालतात, तेव्हा सहलीची तारीख तुम्हीच ठरवा. आणि वाचायला म्हणून थिओडोर गॉर्डन या माणसाचे नाव दिले.

तारीख ठरवायला बसलो आणि गॉर्डनमध्ये अडकलो.

गॉर्डनचा जन्म १८५४ सालचा, पिट्सबर्गचा. वडील तो लहान असतानाच गेले. घर तसे खातेपिते, पण पोराची प्रकृती तोळामासा. पेनसिल्व्हेनियातल्या झऱ्यांवर त्याने मासे धरायला सुरुवात केली आणि थॅडियस नॉरिस यांचा १८६४ सालचा जाडजूड ग्रंथ पुढ्यात ठेवून माश्या बांधायला तो स्वतःच शिकला. पुढे हिशेबनीस म्हणून नोकरी केली, पैशाच्या व्यवहारात राहिला. पण घरची पुंजी आटली, छाती अधू झाली, आणि हा गृहस्थ न्यूयॉर्क शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या कॅट्स्किलच्या डोंगरात नेव्हरसिंक नदीकाठी जाऊन राहिला. लग्न केले नाही. शेतकऱ्याच्या घरात भाड्याने खोली, हिवाळाभर शेगडीपाशी बसून माश्या बांधायच्या, त्या विकून चार पैसे मिळवायचे आणि बर्फ वितळले की पाण्यात उतरायचे, असा त्याचा वर्षाचा क्रम.

आता या काटकुळ्या माणसाला अमेरिकेतल्या ड्राय फ्लायचा जनक का म्हणतात, ते सांगायला हवे. ड्राय फ्लाय म्हणजे पाण्यावर तरंगणारी माशी. तिकडच्या नद्यांत मेफ्लाय नावाचे नाजूक कीटक वर्षभर तळाच्या दगडांना चिकटून वाढतात आणि वसंतात एके दिवशी पृष्ठभागावर येऊन, पंख फुटून उडतात. उडण्यापूर्वी ते क्षणभर पाण्यावर बसतात आणि ट्राउट त्यांना वरच्यावर टिपतो. त्या क्षणाची नक्कल करायची. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी या विद्येचे शास्त्रच केले होते. गॉर्डनने त्यांना पत्र धाडले आणि १८९० च्या फेब्रुवारीत हॅलफर्डनी आपल्या माश्यांचे नमुने पाकिटातून त्याला पाठवले. पोस्टाच्या एका पाकिटाने एवढा उद्योग केल्याचे दुसरे उदाहरण मला पटकन आठवत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. हॅलफर्ड यांच्या नद्या संथ, चुन्याच्या खडकातून येणाऱ्या, आरशासारख्या. नेव्हरसिंक मात्र डोंगरउतारावरून खळाळत येणारी. इंग्रजी माशी तिच्यात घटकाभरही टिकेना. आणि तिकडचे कीटकही वेगळे. गॉर्डनने नमुन्याची नक्कल केली नाही. त्याने आपल्या नदीतले कीटक पाहिले आणि त्यांच्या रंगाची, कमी पिसांची पण ताठ पिसांची माशी बांधली. त्याच सुमारास माशाची जातही बदलत होती. चामडे कमावण्यासाठी साली काढून हेमलॉकची जंगले उजाड झाली होती, पाणी तापले होते, मूळचा ब्रूक ट्राउट हटला होता, आणि १८८३ साली जर्मनीहून आणलेल्या अंड्यांतून वाढलेला ब्राऊन ट्राउट या नद्यांत रुळत होता. हा मासा भलता संशयी. जुन्या भडक माश्यांना तो दाद देईना. जंगलतोडीने आणि परक्या माशाने मिळून गॉर्डनच्या कलेला जागा करून दिली, असे म्हटले तर चुकणार नाही.

त्याच्या सर्वांत प्रसिद्ध माशीचे नाव क्विल गॉर्डन. तिचे पंख बदकाच्या बरगडीवरच्या पिसांचे, मानेभोवती निळसर राखी कोंबड्याची पिसे, आणि अंग कशाचे, तर मोरपिसाचे! पिसाच्या डोळ्याजवळचा एकेक धागा घेऊन त्यावरची लव खरवडून काढली की गडद आणि फिकट पट्ट्यांची एक बारीक काडी उरते. ती गळावर गुंडाळली की किड्याच्या पोटावरची वळी हुबेहूब दिसतात. आपल्या देव्हाऱ्यातले मोरपीस त्या डोंगरातल्या माशाला फसवायला गेले, हे वाचून मी सौ.ला हाक मारली.

राखी पिसांसाठी मात्र तो आयुष्यभर झुरला. मनासारख्या रंगाचा कोंबडा दुर्मीळ. पत्रांतून तो त्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहितो. पत्रे हाच त्याचा संसार होता. लंडनच्या फिशिंग गॅझेटला आणि अमेरिकेतल्या फॉरेस्ट अँड स्ट्रीमला तो टिपणे पाठवी, इंग्लंडच्या स्क्यूज या वकिलाशी त्याचा दीर्घ पत्रव्यवहार होता. पुस्तक एकही लिहिले नाही. ती टिपणे आणि पत्रे जॉन मॅक्डोनाल्ड यांनी १९४७ साली एकत्र छापली, तेव्हा कुठे लोकांना तो पुरता कळला. माश्या बांधण्याची आपली रीत तो सहसा कोणाला दाखवत नसे. लिबर्टी गावच्या टपाल कचेरीतला रॉय स्टीनरॉड हा त्याला अपवाद. टपालाच्या खिडकीवर झालेली ओळख मैत्रीपर्यंत गेली आणि विद्या त्याच्याकडे गेली. स्टीनरॉडने पुढे हेन्ड्रिक्सन ही तितकीच गाजलेली माशी बांधली.

एक छायाचित्र आहे. नदीत गॉर्डन उभा आहे आणि शेजारी लांब झग्यातली एक तरुणी. ती कोण, हे आजवर कोणाला ठरवता आलेले नाही. त्याच्या लिखाणात मासेमारीतल्या एका मैत्रिणीचा जिव्हाळ्याने उल्लेख येतो, पण नाव नाही. चरित्रकारांनी बरीच खटपट केली. मला वाटते, ती तशीच राहिलेली बरी.

१ मे १९१५ रोजी, ऐन हंगामात, नेव्हरसिंकच्या काठीच तो गेला. मॅनहॅटनमधल्या मार्बल नावाच्या जुन्या दफनभूमीत त्याला पुरले. त्याच वर्षी कॅट्स्किलमधल्या अशोकान धरणाचे पाणी न्यूयॉर्क शहराला मिळू लागले. शहराची तहान डोंगरात पोहोचली होती.

नेव्हरसिंकचा शब्दशः अर्थ घेतला तर कधी न बुडणारी. मूळ शब्द तिथल्या आदिवासींच्या भाषेतला, इंग्रजी कानांनी त्याचे असे रूप केले. १९४१ मध्ये नदीवर धरणाचे काम सुरू झाले, युद्धात थांबले, आणि १९५३ मध्ये पुरे झाले. साठा सुमारे पावणेपाच टीएमसी, म्हणजे आपल्या खडकवासल्याच्या दुपटीहून थोडा जास्त. नदीकाठचे नेव्हरसिंक गाव त्यात बुडाले. गॉर्डन जिथे रोज उभा राहायचा ते डोह, ते वळण, सगळे तळाशी गेले.

हे वाचताना मी थांबलो. बुडीत क्षेत्राच्या नोटिसा घेऊन मी स्वतः गावोगाव हिंडलो आहे. एका गावात नदीच्या प्रत्येक डोहाला नाव होते. एका म्हातारबांनी मला ती सगळी सांगितली आणि नकाशावर लिहून घ्यायला लावली. मी पेन्सिलने लिहिली. कचेरीत नकाशाची शाईची प्रत निघाली, तीत पातळीच्या रेषा होत्या, नावे नव्हती. गॉर्डनच्या डोहांचे तसे झाले नाही, कारण त्याने पत्रे लिहिली होती.

आणि धरणवाल्याला सुखावणारी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, म्हणून खोल जलाशयाच्या तळाशी उन्हाळ्यातही गारवा टिकतो. तळाच्या झडपांतून ते पाणी सोडले की खाली मैलोगणती नदी गार राहते आणि ट्राउट जगतो. शहराला मात्र पाणी सोडायची घाई नव्हती. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने डेलावेअर नदीत माँटेग्यूपाशी १७५० क्युसेकचे लक्ष्य ठरले ते खालच्या राज्यांसाठी, माशांसाठी नव्हे. माशांचा विचार करून पाणी सोडण्याचा कायदा व्हायला १९७६ उजाडले.

आता तारीख. गॉर्डनची माशी ज्या कीटकाची नक्कल आहे तो पाणी दहा अंशांच्या आसपास आले की वर येतो. बीव्हरकिल नदीला धरण नाही, तिथे हे एप्रिलच्या मध्यापासून होते. धरणाखाली मात्र बर्फाळ पाणी तळातून येत राहते आणि वसंत उशिरा उगवतो. त्यात जलाशय भरून सांडव्यावरून वाहू लागला तर पात्रात उभेच राहता येत नाही. म्हणून मी भाच्याला मेचा दुसरा आठवडा सांगितला. सकाळी निघण्यापूर्वी प्रवाहमापकाचा आकडा बघायचा, एकट्याने कंबरेच्या वर पाण्यात उतरायचे नाही, आणि पाणी चढू लागले की मासा गळाला असला तरी बाहेर यायचे. हे शेवटचे दोनदा सांगितले.

येताना मोरपिसे आणा, असे तो म्हणाला. आपल्याकडून ती बाहेर नेण्यास बंदी आहे म्हटल्यावर हिरमुसला. मग तिथल्याच दुकानातून घेतो म्हणाला. एक दिवस जलाशयाच्या काठावरही जायचे ठरले आहे. जुना नकाशा त्याच्याकडे आहे. डोह कुठे होते ते पाण्याकडे बघून दाखवता येईल का, असे त्याने विचारले आहे. मी हो म्हटले आहे, आणि तोवर रोज सकाळी चहाबरोबर नेव्हरसिंकचे क्युसेक बघतो आहे.