गळ्यात जपमाळ घातलेला भिकारी : संत जोसेफ वाझ



१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ यांचा सण. आपल्या शेजारच्या गोव्यात जन्मलेल्या या धर्मगुरूंनी समुद्रापलीकडे, धर्मगुरूविना पोरक्या झालेल्या ख्रिस्ती बांधवांना श्रद्धेत टिकून राहण्याचे बळ दिले.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही वर्षे त्यांनी कॅनरा भागात सेवा केली आणि १६८५ साली जुन्या गोव्यातील ऑरेटरी या स्थानिक धर्मगुरूंच्या संघात प्रवेश केला. पण त्यांचे मन श्रीलंकेकडे लागले होते.

त्यावेळी तिथली परिस्थिती भयानक होती. डचांनी १६५८ साली जाफना जिंकले, कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले आणि मिस्साबलिदानावर बंदी घातली. धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्यालाही कठोर शिक्षा होती. १६८७ साली फादर वाझ तिथे पोहोचले, तेव्हा या गोष्टीला २९ वर्षे उलटली होती. त्या वर्षी जन्मलेली बाळे आता स्वतः आईबाप झाली होती. त्यांतील बहुतेकांनी कधी मिस्सा पाहिलीच नव्हती.

फादर वाझ मजुराच्या वेषात, अनवाणी तिथे उतरले. सोबत जॉन नावाचा एक तरुण सेवक होता. पोहोचताच त्यांना अतिसाराने गाठले. तेव्हा एका दयाळू बाईने पेज पाजून त्यांना वाचवले, असे सांगतात. बरे झाल्यावर एकच प्रश्न होता, आपली माणसे ओळखायची कशी? कोणाला विचारणे म्हणजे पकडले जाणे. मग त्यांनी गळ्यात मोठी जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागले. जपमाळ पाहून कोणाचे डोळे पाणावतात, कोणाची नजर तिच्यावर खिळते, एवढेच ते पाहत. अशा रीतीने एक घर सापडले, त्या घराने दुसरे दाखवले. रात्रीच्या अंधारात, दारे बंद करून, पुन्हा पापनिवेदन आणि मिस्सा सुरू झाली.

याची किंमतही मोजावी लागली. नाताळच्या एका रात्री मिस्सासाठी जमलेल्या भाविकांवर शिपायांनी धाड घातली. फादर निसटले, पण अनेक भाविक पकडले गेले. त्यांना फटक्यांची शिक्षा झाली, तरी त्यांनी श्रद्धा सोडली नाही. हे लोक फार शिकलेले नव्हते. २९ वर्षे घरातल्या प्रार्थनेने त्यांना धरून ठेवले होते.

पुढे फादर वाझ कँडीच्या राज्यात गेले. पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना तिथे कैदेत टाकण्यात आले. कैदेतही त्यांनी झोपडीवजा प्रार्थनागृह उभारले. हळूहळू बौद्ध धर्मीय राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा त्यांच्यावर विश्वास बसला आणि त्याने त्यांना मोकळीक दिली. १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची साथ आली. लोक रोग्यांना टाकून पळाले. फादर वाझ व त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्वाल्हो मात्र तिथेच राहिले. धर्म न विचारता त्यांनी रोग्यांची सेवा केली आणि मृतांना माती दिली.

सुमारे नऊ वर्षे ते त्या बेटावर एकटेच धर्मगुरू होते. सगळीकडे आपण पोहोचू शकणार नाही हे जाणून त्यांनी गावोगावी प्रापंचिकांतून प्रमुख व धर्मशिक्षक नेमले. धर्मगुरू नसतानाही लोकांना जमवणे, प्रार्थना चालवणे आणि मुलांना धर्मशिक्षण देणे ही कामे हे लोक करीत. लोकांना आपल्या भाषेत प्रार्थना करता यावी म्हणून फादर तमिळ व सिंहली शिकले. गोव्याला ते पुन्हा कधीच परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. तोवर तिथे सुमारे ७० हजार कॅथलिक झाले होते, असे सांगितले जाते. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे संत म्हणून घोषित केले.

बंधुभगिनींनो, आपल्याला मिस्साला जाताना कोणाची भीती नाही. तरीही आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत असे कोणी असेल, जे हळूहळू चर्चपासून दूर गेले आहे. कोणी दुःखाने खचले असेल, कोणी रागावले असेल, तर कोणी आजारपणामुळे घरीच अडकले असेल. संत जोसेफ वाझ यांनी लोक येण्याची वाट पाहिली नाही, ते स्वतः दाराशी गेले. या आठवड्यात आपणही असे एक दार ठोठावू या. उपदेश करायला नको. थोडा वेळ जवळ बसू या, विचारपूस करू या आणि जमल्यास सोबत एक रोझरी म्हणू या. आणि आपल्या स्वतःच्या घरातली संध्याकाळची प्रार्थना बंद पडली असेल, तर ती आजपासूनच पुन्हा सुरू करू या.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती कर.